कम्युनिटी कॉलेजातून मेकॅनिकल : आखणी शेवटाकडून करा

आमच्या लेकीचं एक अख्खं वर्ष तीन युनिटच्या एका विषयाने खाल्लं. विषय होता स्टॅटिक्स, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांचा अभ्यास. (युनिट म्हणजे विषयाचं श्रेय मोजायचं माप.) तिच्या कम्युनिटी कॉलेजात (अमेरिकेतलं पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त सरकारी कॉलेज) तो फक्त स्प्रिंग सेमिस्टरला, म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राला असायचा, आणि त्याआधी फिजिक्सचा पहिला भाग झालेला लागायचा. पहिल्या वर्षी काउन्सेलरने सल्ला दिला, "आधी इंग्लिश, हिस्टरी असं हलकंफुलकं उरकून टाक, सायन्स मग निवांत घे." ऐकायला बरं वाटलं. फिजिक्स दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगवर गेलं, म्हणून स्टॅटिक्स तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगवर गेलं, आणि दोन वर्षांत विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला व्हायची ट्रान्सफर तीन वर्षांवर गेली. मी स्वतः मेकॅनिकलचा. सोलापुरात डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री, आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. घरात इंजिनियर असून हे व्हावं, याची मला अजून चुटपुट आहे.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी विचारायला आलं की मी आधी एकच सांगतो : पोराला किंवा पोरीला ज्या विद्यापीठात जायचंय, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या दारात कोणकोणते विषय लागतात ते आज काढा, आणि तिथून मागे मागे येत पहिल्या सेमिस्टरपर्यंत या. खाली लिहिलंय ते सगळं या एका सवयीचेच तपशील आहेत. आणि ते कॅलिफोर्नियापुरते आहेत, कारण नियम राज्यागणिक बदलतात आणि मला हे एकच राज्य आतून माहीत आहे.

हा आपला डिप्लोमा नव्हे

आपल्याकडच्या पालकांच्या डोक्यात कम्युनिटी कॉलेज म्हणजे पॉलिटेक्निक असं पक्कं बसलेलं असतं. माझ्याही बसलं होतं. वरवर साम्य आहेच : स्वस्तात दोन-तीन वर्षं काढायची, मग मोठ्या कॉलेजात मधल्या वर्षाला घुसायचं. पण आतला माल उलटा आहे. डिप्लोम्यात आम्ही लेथवर जॉब टर्न केले, फिटिंगच्या शॉपमध्ये फायली घासल्या, मशीन ड्रॉइंगच्या शीटा काढल्या, आणि गणिताने गाठलं ते डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमावाल्यांना एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, किती रडवलंय ते कोणालाही विचारा. इथे गणित आणि फिजिक्स आधी, तेही पूर्ण ताकदीने. ट्रान्सफरच्या वाटेवर हात काळे करायची वेळ जवळजवळ येतच नाही.

गोंधळ वाढतो कारण त्याच कॉलेजात आपल्या डिप्लोम्यासारखीही वाट असते. सीएनसी, ड्राफ्टिंग, मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी अशी सर्टिफिकेटं आणि दोन वर्षांच्या असोसिएट डिग्र्या असतात. त्या थेट नोकरीसाठी आहेत आणि चांगल्या आहेत. पण त्यातले बहुतेक विषय विद्यापीठाच्या मेकॅनिकलला मोजले जात नाहीत. नाव नोंदवताना 'इंजिनियरिंग' आणि 'इंजिनियरिंग टेक्नॉलॉजी' या दोन शब्दजोड्यांत गल्लत करू नका. बी.एस. मेकॅनिकल ही पदवी विद्यापीठच देणार, आणि अॅबेटची, म्हणजे इंजिनियरिंगच्या पदव्या तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता पाहायची ती त्या पदवीची.

ही व्यवस्था काही जुगाड नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचे तीन मजले ठरवले : वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, मध्ये कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि तळाला सगळ्यांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. खालून वर चढायचा जिना तेव्हापासूनच नकाशात आहे, त्यामुळे "आमचा मुलगा कम्युनिटी कॉलेजात आहे" हे देवळाच्या गणेशोत्सवात दबक्या आवाजात सांगायची काहीच गरज नाही. पदवीच्या कागदावर फक्त शेवटच्या विद्यापीठाचं नाव असतं.

पहिली पायरी : फी आणि व्हिसा

राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. ट्रान्सफरला किमान ६० सेमिस्टर युनिटं लागतात, म्हणजे ट्यूशन २,७६० डॉलर. एका सेमिस्टरची नव्हे, सगळी मिळून. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरऐवजी लहान सत्रांची आहेत. तिथे युनिटमागे ३१ डॉलर आणि युनिटं ९०, म्हणजे हिशोब तिथेच येतो. हेल्थ फी, पार्किंग, पुस्तकं वेगळी. यूसीत रहिवाशाचीच एका वर्षाची ट्यूशन पंधरा हजारांच्या घरात जाते हे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यांदाच कॉलेजात येऊन पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना बरीच कॉलेजं ही ट्यूशनही माफ करतात, आणि उत्पन्न कमी असेल तर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट आहे. दोन्ही अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो, आणि इथेच राहायचा इरादा दाखवणारे कागद लागतात. एच-४ वरच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना रहिवासी ठरता येतं, एफ-१ वाल्यांना (विद्यार्थी व्हिसा) येत नाही. एफ-१ वर भारतातून थेट कम्युनिटी कॉलेजात येणारी मुलंही असतात. त्यांना अनिवासी फी, म्हणजे कित्येक पट, आणि दर टर्मला किमान १२ युनिटांची सक्ती. त्यांच्यासाठी ही वाट 'स्वस्त' राहत नाही. फार तर विद्यापीठाच्या मानाने कमी महाग म्हणू.

एच-४ च्या घरांनी आणखी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी : मुलाचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतो, आणि ग्रीन कार्ड हातात नसेल तर सहसा एफ-१ वर जावं लागतं. १८ व्या वर्षी कॉलेज सुरू केलं आणि तीन वर्षं घेतली तर हा दिवस नेमका ट्रान्सफरच्या तोंडावर येतो. व्हिसा बदलला की फीचं वर्गीकरणही बदलू शकतं. पुढच्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला हा प्रश्न आधीच ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर कामाचं नाही. शिवाय एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे इंटर्नशिपही नाही. एफ-१ वर एक शैक्षणिक वर्ष झालं की विषयाशी निगडित कामाची परवानगी मागता येते. म्हणून काही घरं एकविसाव्याची वाट न पाहता मुद्दाम लवकर बदल करतात. हा निर्णय शेजाऱ्याच्या अनुभवावर घेऊ नका, वकिलाला विचारा.

दुसरी पायरी : असिस्ट उघडा, आणि नीट वाचा

असिस्ट डॉट ऑर्ग ही सरकारी आणि फुकट वेबसाइट आहे. कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय यूसी किंवा कॅल स्टेटच्या कोणत्या विषयाच्या जागी चालतो, याचे करार तिथे असतात. वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, आणि मग 'मेजर'प्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे पाहून मेकॅनिकल उघडा. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार.

लोक हे पान उघडतात, ओळखीची नावं दिसली की बंद करतात. खरी मेख बारीक अक्षरांत असते. दोन विषयांमध्ये 'अँड' असेल तर दोन्ही झाल्याशिवाय एकही मोजला जात नाही. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असेल तर तुमच्या कॉलेजात त्याच्या जागी चालेल असा विषय करारात नाही, मग शेजारच्या कॉलेजात पाहायचा. असं दुसरीकडे जाऊन एखादा विषय करणं पूर्ण कायदेशीर आणि नेहमीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात तर मुलं दोन-दोन कॉलेजांत नाव घालून शिकतात.

पण त्यातही एक खड्डा आहे. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री या मालिका एकाच कॉलेजात सुरू करून तिथेच संपवा. डी अँझाला कॅल्क्युलस चार क्वार्टरमध्ये वाटलेलं असतं, सेमिस्टरच्या कॉलेजात तेच तीन भागांत. दोन क्वार्टर करून मधेच ओलोनी किंवा मिशन अशा सेमिस्टरच्या कॉलेजात गेलात तर दुसऱ्या भागाचा थोडा अभ्यास झालेला, थोडा राहिलेला, आणि श्रेय कशाचं द्यायचं यावर कोणाचंच एकमत नाही. आधी झालेला धडा पुन्हा बसून ऐकावा लागतो.

निदान चार विद्यापीठांचे करार छापून घ्या. दोन आवाक्यातली, एक मधली, एक स्वप्नातली. मग रंगीत पेन घेऊन सगळ्यांत समान असलेले विषय खुणावा. ते आधी करायचे. जे एकालाच लागतात ते शेवटी. प्रोग्रामिंगमध्ये हे नेहमी दिसतं : एका विद्यापीठाला मॅटलॅब हवं, दुसऱ्याला सी प्लस प्लसही चालतं. यूसीने मेकॅनिकलसाठी स्वतःचा 'ट्रान्सफर पाथवे' छापलाय, तो समान विषय शोधायला चांगला आधार आहे. पण अंतिम शब्द त्या त्या कॅम्पसच्या कराराचाच.

आणखी एक : सध्या राज्यभर विषयांचे नंबर एकसारखे करण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. थोरल्या भावाच्या यादीतला नंबर धाकट्याच्या वेळी तोच असेल असं धरू नका. विषयाच्या नावाने शोधा.

तिसरी पायरी : साखळी कागदावर

मेकॅनिकलला साधारण हे लागतं : कॅल्क्युलसचे तीन भाग, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनियर अल्जिब्रा, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स तीन सेमिस्टर, जनरल केमिस्ट्री, प्रोग्रामिंग, ग्राफिक्स म्हणजे कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग), स्टॅटिक्स, मटेरियल्स, आणि बऱ्याच ठिकाणी सर्किट्स. काही कॉलेजांत डायनॅमिक्स किंवा स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सही मिळतं.

यादी पाहून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते क्रमाला. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय फिजिक्स मेकॅनिक्स नाही. मेकॅनिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम नाही. ते झाल्याशिवाय सर्किट्स नाही. केमिस्ट्रीशिवाय मटेरियल्स नाही. मुलं याला 'प्रीरेक' म्हणतात. आणि गणित-फिजिक्स दर सेमिस्टरला असलं तरी स्टॅटिक्स, मटेरियल्स, सर्किट्स हे विषय बहुतेक कॉलेजांत वर्षातून एकदाच असतात, कारण वर्गात पंचवीस मुलंही जमत नाहीत. जमली नाहीत तर वर्ग रद्दही होतो.

आता मोठा कागद आडवा घ्या. उजव्या टोकाला लिहा : विद्यापीठ, फॉल (वर्षाचं पहिलं सत्र). त्याच्या डावीकडे शेवटचा स्प्रिंग, कारण सगळे विषय त्या स्प्रिंगअखेर संपलेले लागतात. वर्षातून एकदाच मिळणारे विषय आधी त्यांच्या जागी ठेवा, जशा घर बांधताना आधी खांब. मग प्रत्येकाच्या मागे त्याचा प्रीरेक, त्याच्या मागे त्याचा. सुरुवातीला पोचलात की कळेल दोन वर्षं पुरतात का. गणित थेट कॅल्क्युलसपासून सुरू होत असेल तर साधारण असं बसतं : पहिल्या फॉलला कॅल्क्युलस एक, केमिस्ट्री आणि इंग्लिश, स्प्रिंगला कॅल्क्युलस दोन, फिजिक्स मेकॅनिक्स, कॅड, दुसऱ्या फॉलला कॅल्क्युलस तीन, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, मटेरियल्स, प्रोग्रामिंग, शेवटच्या स्प्रिंगला डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनियर अल्जिब्रा, तिसरं फिजिक्स, स्टॅटिक्स, सर्किट्स. तो शेवटचा स्प्रिंग वाचूनच दमायला होतं ना? माणसासारखं जगायचं असेल तर तीन वर्षं धरा. ठरवून घेतलेली तीन वर्षं आणि आमच्यासारखी अंगावर आलेली तीन वर्षं यात फार फरक आहे.

२०२२ च्या एबी १७०५ कायद्यानंतर सायन्स-इंजिनियरिंगच्या मुलांना थेट कॅल्क्युलसला बसवण्याकडे कॉलेजांचा कल आहे. वेळ वाचतो, हे खरं. पण त्रिकोणमिती कच्ची असेल तर पहिल्या मिडटर्मला दात घशात जातात. कॅल्क्युलसला जोडून सपोर्टचा वर्ग मिळतो, तो लाज न बाळगता घ्या. हायस्कूलच्या एपी परीक्षेत चांगले गुण असतील तर कॅल्क्युलसचा पहिला भाग सोडता येतो का तेही पाहा, मात्र पाया खरंच पक्का असेल तरच.

आणि आमच्या काउन्सेलरने आधी करायला सांगितलेलं इंग्लिश, हिस्टरी? ते समरला करा, ऑनलाइन करा, मध्ये सापडेल त्या फटीत भरा. मात्र दोन गोष्टी विसरू नका. यूसीला अर्जासाठी इंग्लिशचे दोन विषय लागतात. आणि कॅल स्टेटच्या 'गोल्डन फोर'मध्ये, म्हणजे चार सक्तीच्या विषयांत, इंग्लिश, गणित आणि क्रिटिकल थिंकिंगबरोबर भाषणाचा एक विषय असतो. इंजिनियरिंगची मुलं नेमका तोच टाळतात. अकरा मिनिटांचं भाषण कशावर द्यायचं म्हणून आमच्याकडे चार दिवस धुसफूस चालली. शेवटी तिने आजीचा प्रेशर कुकर घेतला, शिट्टीचं वजन आणि वाफेचा दाब. वर्गाला प्रचंड आवडलं म्हणे.

चौथी पायरी : वर्गात जागा मिळवणं

कागदावरची साखळी कितीही सुंदर असो, वर्ग भरलेला असेल तर तुटते. ओरिएंटेशन केलं, काउन्सेलरबरोबर 'एज्युकेशनल प्लॅन' नोंदवला, की नाव नोंदणीची तारीख पुढची मिळते. ही दोन्ही कामं उन्हाळ्याच्या आधी उरका. (काउन्सेलरवर मी वर तोंडसुख घेतलं खरं, पण इंजिनियरिंगचा किंवा स्टेमचा (सायन्स, तंत्रज्ञान, गणित) वेगळा काउन्सेलर असतो, त्याची वेळ मागून घ्या. आम्ही भेटलो तो सर्वसाधारण होता. तुमचा छापलेला कागद घेऊन जा आणि "यात काय चुकलंय?" असं विचारा; "मी काय घेऊ?" असं नको.)

वेटलिस्टवर दुसरा-तिसरा नंबर असेल तर सोडू नका. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. न आलेल्यांना प्राध्यापक काढून टाकतात आणि वेटलिस्टवाल्यांना 'अॅड कोड' देतात. तो कोड मुदतीत वापरावा लागतो, नाहीतर रद्द. फिजिक्सच्या वर्गात जागा लॅबच्या टेबलांनी ठरतात, तिथे प्राध्यापकाला दया आली तरी उपयोग नसतो.

विषय झेपत नसेल तर? आमच्या वेळी केटी लागायची, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जायचं, फार तर वायडी, म्हणजे वर्ष वाया. इथे पहिल्या काही आठवड्यांत सोडलं तर निशाणीही राहत नाही, नंतर सोडलं तर 'डब्ल्यू' लागतो. डब्ल्यू जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत, एखादा असला तर कोणी फासावर देत नाही. पण एकच विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि त्या तीनांत डब्ल्यूही मोजला जातो. मेजरच्या विषयांत किमान सी हवा, आणि ते 'पास-नो पास'वर घेऊ नयेत. दोन्ही मुदतींच्या तारखा फ्रिजवर लावा.

पाचवी पायरी : अभ्यासाचा एक नमुना

सगळे विषय कसे अभ्यासायचे हे सांगत बसत नाही. स्टॅटिक्सचं एक संध्याकाळचं दृश्य सांगतो, कारण मेकॅनिकलचं पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शिडी भिंतीला टेकलेली. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. शिडीचं वजन २०० न्यूटन, जमिनीशी ६० अंशांचा कोन. घसरू नये म्हणून जमिनीकडून किती घर्षण हवं? लेकीने समीकरणं भराभर मांडली होती आणि उत्तर जुळत नव्हतं. आकृतीत तिने भिंतीच्या टोकालाही घर्षणाचा बाण काढला होता.

"हा बाण कुठून आला?"

"बाबा, शिडी खाली घसरेल ना, म्हणून वर."

"भिंत कशी आहे म्हणालीस?"

ती गप्प. मग म्हटलं, भिंत पूस, जमीन पूस, शिडी एकटी हवेत काढ. आता तिला कोण कोण ढकलत होतं ते एकेक करून सांग. वजन, मधोमध, खाली. जमीन, वर आणि आडवी. भिंत, फक्त आडवी. बस्स, चार बाण. खालच्या टोकाभोवती मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, घेतला की भिंतीचा रेटा २०० भागिले दोन टॅन ६०, म्हणजे सुमारे ५८ न्यूटन, आणि तितकंच घर्षण जमिनीकडून. गणित दोन ओळींचं. चूक गणिताच्या आधीच, आकृतीत झाली होती.

फ्री बॉडी डायग्राम म्हणतात तो हा. प्रत्येक उदाहरणाला तो अर्ध्या पानाचा, पट्टीने काढा, तेव्हाच समीकरणाला हात लावा. आमचे मास्तर जर्नलमध्ये आकृती नसली की सही करायचे नाहीत, तेव्हा राग यायचा. ऑफिस अवर्सला प्राध्यापकाकडे जातानाही हीच आकृती न्या. "मला कळत नाही" म्हणून गेलात तर पुन्हा व्याख्यान मिळतं, आकृती घेऊन गेलात तर चूक कळते. वर्गात वीस-तीस मुलं आणि शिकवण्यासाठीच नेमलेले प्राध्यापक हा कम्युनिटी कॉलेजचा खरा फायदा आहे. विद्यापीठात हाच विषय दोनशे जणांच्या हॉलमध्ये असू शकतो.

पुस्तकांचा खर्च टाळता येतो. ओपनस्टॅक्सची कॅल्क्युलस आणि युनिव्हर्सिटी फिजिक्सची पुस्तकं फुकट आहेत आणि बरेच प्राध्यापक तीच लावतात. वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असलेले वर्ग शोधा.

वर्कशॉपचा एक वर्ग घ्याच

हे माझं खाजगी मत आहे आणि त्याला कुठल्या करारात जागा नाही. संध्याकाळचा मशीन शॉपचा वर्ग असेल तर समरला किंवा हलक्या सेमिस्टरला घ्या. युनिट मोजलं गेलं नाही तरी घ्या. मोजलं जातं का ते असिस्टवर पाहाच, पण त्यावर ठरवू नका.

लेक या वर्गाला गेली तेव्हा तिथे निम्मे लोक दिवसभर कारखान्यात काम करून आलेले होते. पहिल्याच महिन्यात तिचा एक जॉब तीन थाऊने कमी भरला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. इथल्या शॉपमध्ये मिलिमीटर कमी, थाऊच जास्त ऐकू येतात. तिने मायक्रोमीटर सी-क्लॅम्पसारखा आवळून माप घेतलं होतं, रॅचेटची टकटक ऐकायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. आवळलं की माप बदलतं, हे ऐकायचं आणि आपल्या हाताने जॉब भंगाराच्या डब्यात टाकायचा, यात फरक आहे. त्यानंतर कॅडमध्ये तिने कुठल्याही भोकाला विचार न करता टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेला मी पाहिला नाही.

अर्जाचं वर्ष

इथे तारखा महत्त्वाच्या, म्हणून झरझर. यूसीच्या सहा कॅम्पसांना 'टॅग' म्हणजे प्रवेशाची हमी मागता येते : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, १ ते ३० सप्टेंबरमध्ये. आणि कॅम्पस टॅगमध्ये असला म्हणून तिथलं इंजिनियरिंग असेलच असं नाही. सांता बार्बराचं कॉलेज ऑफ इंजिनियरिंग टॅग देत नाही. त्या वर्षीची टॅगची तक्ता-पुस्तिका उघडून मेकॅनिकलची ओळ शोधा, जीपीएची अट तिथेच असते. यूसीची सर्वसाधारण किमान अट रहिवाशाला २.४ आहे, पण त्या आकड्यावर मेकॅनिकलची स्वप्नं रंगवू नका. खरी स्पर्धा बरीच वर असते.

यूसीचे अर्ज १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. चार छोटी उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यातलं एक सक्तीचं : निवडलेल्या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत. मशीन शॉपचा तो भंगारात गेलेला जॉब इथे कामाला आला. कॅल स्टेटचा अर्ज वेगळ्या साइटवर, कॅल स्टेट अप्लायवर. तिथे निबंध नाही, पण प्रत्येक विषय आणि ग्रेड स्वतः भरायची असते. ते काम दोन संध्याकाळचं आहे, शेवटच्या रात्रीचं नाही. सॅन होजे स्टेट, कॅल पॉली पोमोना, कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो, लाँग बीच ही नावं मेकॅनिकलसाठी जरूर पाहा. आपल्या लोकांना यूसीच्या पलीकडे दिसत नाही, आणि कारखान्यांतले निम्मे इंजिनियर कॅल स्टेटचे असतात हे नोकरीला लागल्यावर कळतं.

इंजिनियरिंगला काही ठिकाणी मेजर भरलेलं असेल तर दुसऱ्या सोप्या मेजरमधून घुसून आत गेल्यावर बदलू, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी हमखास देईल. देऊ नका त्याच्याकडे लक्ष. मेकॅनिकलमध्ये आतून शिरणं बहुतेक ठिकाणी बाहेरून शिरण्याहून कठीण आहे.

जानेवारीत यूसीला फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय कळवायचे असतात, मुदत ३१ जानेवारी. ईमेल स्पॅममध्ये गेला म्हणून हे विसरणारी मुलं दरवर्षी असतात. निकाल एप्रिलअखेर, होकार १ जूनपर्यंत.

प्रवेश मिळाल्यावर

होकार दिला की शेवटच्या स्प्रिंगमध्ये ढिलाई येते. प्रवेश सशर्त असतो. अर्जात लिहिलेला एखादा विषय सोडायचा असेल, बदलायचा असेल, किंवा ग्रेड घसरणार असं दिसत असेल, तर आधी विद्यापीठाला कळवा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, वेळेत पाठवा, आणि दोन कॉलेजांत शिकला असाल तर दोन्हींचं. एका विषयासाठी गेलेलं ते दुसरं कॉलेज मुलं हमखास विसरतात.

आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस, प्रत्येक लॅबचं हँडआउट पहिल्या सेमिस्टरपासून एका फोल्डरमध्ये ठेवा. करारात नसलेला विषयही विद्यापीठाचा विभाग सिलॅबस पाहून मान्य करू शकतो. लेकीने मटेरियल्स शेजारच्या कॉलेजात केलं होतं, आणि ओरिएंटेशनच्या दिवशी विभागात प्रश्न आला की त्यात लॅब होती का. तिने फोनवरचा फोल्डर उघडला, लॅबच्या तासांची यादी दाखवली, टेन्साइल टेस्टचा स्वतःचा रिपोर्ट दाखवला. समोरच्या बाईंनी दोन पानं वर-खाली केली, फॉर्मवर सही केली आणि म्हणाल्या, "नेक्स्ट."